एका फेरीत रान मोकळं आणि पाइपही आत? दोन कामांची ही गल्लत आहे

आठवडाभरात एकच व्हिडिओ मला ऊसवाल्यांच्या चार ग्रुपवर आला. ट्रॅक्टर चाललाय, मागचा दात जमिनीत, आणि काळा पाइप सापासारखा आत सरकतोय. खालच्या मजकुराचा सारांश असा: ‘रिपर लावा, दोन फूट रान मोकळं करा, त्याच फेरीत पाइप नाहीतर केबल गाडा. चर नको, जेसीबी नको. ओल असताना फिरवा, हलकं जातं. ३५ एचपीला आरामात ओढतं. क्षारपड रानही सुटतं. दरवर्षी करा.’

व्हिडिओ खोटा नाही. पण त्यातलं अवजार आपला रिपर, म्हणजे रानाखालचा घट्ट थर फोडायचा ट्रॅक्टरमागचा लांब दात, नाही. ते पाइप पुरायचं पातं आहे: पातळ, उभं, मागे नळीसारखा मार्ग असलेलं. ही युक्ती जुनीच. जॉन फाउलर या इंग्रज अवजारकाराने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात असा निचऱ्याचा नांगर मांडला होता. घोड्यांनी फिरवलेल्या रहाटावर तो ओढला जाई आणि दोरीत ओवलेल्या नळ्या जमिनीखालून नेई. म्हणजे पाइप असा पुरता येतो, यावर माझा वाद नाही. पुढच्या वाक्यांवर आहे.

सगळ्यात घातक वाक्य ओलीचं. ती चूक मी स्वतः करून बसलोय. जानेवारीत खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक) गेला, वर छान वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल होती, म्हटलं फिरवून घेऊ. ट्रॅक्टर लोण्यातून जावा तसा गेला, ड्रायव्हर खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी फेरीच्या आडवा खड्डा काढला. दाताने केलेली चार बोटं रुंदीची फट, तिच्या दोन्ही भिंती गिलावा केल्यासारख्या चकचकीत. बोट फिरवलं तर घसरत होतं. फटीच्या वीतभर बाजूला रान पूर्वीइतकंच घट्ट! उन्हाळ्यात त्याच फटी रुंदावल्या आणि पुढच्या लागणीला पाणी सरीच्या टोकापर्यंत जाईना, मधेच गडप.

काळ्या रानात रिपरचं काम माती कापायचं नाही, तडकवायचं. खालची माती कोरडी असेल तर दाताच्या टोकापासून वरपर्यंत ती इंग्रजी ‘व्ही’सारखी फुटते, वरचा थर उचललेला डोळ्यांना दिसतो. ओली माती फुटत नाही, बाजूला दाबली जाते. वापसा कुळवासाठी बघायचा. रिपरसाठी दीड-दोन फुटांवरची माती बघायची. ती हातावर वळून शेवई झाली, तर थांबा. आपल्याकडे हे बहुधा एप्रिल-मेमध्येच जमतं. दोन फेऱ्यांत अंतरही हवं तितकंच, साध्या दाताला खोलीच्या दीडपट. दोन फूट खोल गेलात तर तीन फुटांवर पुढची फेरी. सहा-सहा फुटांवर रेघा ओढून मधलं रान तसंच राहतं.

आणि इथंच मेसेजचा सगळा डोलारा पडतो. रिपरला माती फुटायला हवी असते, पाइपच्या पात्याला ती नुसती दुभंगून परत मिटायला हवी असते. चांगला रिपर चाललेल्या रानात पाइप टाकला, तर त्याच्या खाली ढेकळं आणि पोकळ्या. पहिल्या पाण्याला माती बसते, पाइप कुठं अधांतरी, कुठं ढेकळावर टेकलेला. म्हणजे एका फेरीत दोन्ही करायला गेलात की दोन्हींपैकी एकही धड होत नाही.

३५ एचपीचं फार बोलत नाही. भारी रानात दोन फुटांवर एक दात ओढायला ४५-५० एचपी लागतो. त्याखालचा ट्रॅक्टर एकतर चाकं फिरवत बसतो, नाहीतर ड्रायव्हर गुपचूप लिव्हर उचलतो आणि तुम्ही दोन फुटांचे पैसे देऊन फूटभर रान मोकळं करून घेता. पन्हाळा, शाहूवाडीकडं मुरूम लवकर लागतो, तिथं तर आधी कुदळीने बघावं.

पाइप कोणता, हे मेसेजमध्ये नाहीच. असा जातो तो गुंडाळीतला लवचिक एचडीपीई. आपल्या विहिरीवरून, नदीवरून येणाऱ्या लाइनी २० फुटी पीव्हीसी नळांच्या, सांध्या-सांध्याच्या. त्या पात्याच्या वाकातून जाणार कशा? त्यांना चरच हवी. एचडीपीईसुद्धा दुपारच्या उन्हात तापलेला ओढला तर रात्री गार होऊन आखडतो. लगेच कापून जोडू नका, टोकाला ढील ठेवून सकाळी जोडा. केबलला अडीच फूट खोली आणि वर इशाऱ्याची पट्टी लागते. साध्या रिपरच्या मागून सोडलेल्या केबलवर पट्टी कोण घालणार?

क्षारपडीचं वाक्य शिरोळ तालुक्यात कुणी बोलून दाखवावं. तिथं रोग घट्ट थराचा नाही, वर आलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा आहे. पाणी काढून द्यायला वाट नसेल तर रान फोडून ते जाणार कुठं? तिथं जमिनी सुधारल्या त्या सच्छिद्र निचरा पाइप ठरलेल्या उताराने टाकून, पाणी गावाबाहेर नाल्यात सोडून, शेजारपाजारच्यांनी मिळून. उतार हा त्यातला जीव. रिपरचा दात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर खालीवर होतो, पाइपही तसाच लाटेत जातो आणि प्रत्येक खोलगट जागी गाळ धरतो. दाबाच्या पाण्याला चालेल, निचऱ्याला नाही.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मात्र सगळ्यात महागात पडते. आपल्या रानाखाली रिकामं काही नाही: पाणीपुरवठा संस्थेची लाइन, भावकीची जुनी लाइन, ठिबकची सबमेन, कडेनं फायबर. खोदणाऱ्यांसाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप काढलं, पण तुमच्या आजोबांनी टाकलेला सिमेंटचा नळ त्यात सापडणार नाही. तो बांधावरच्या म्हाताऱ्यालाच विचारावा लागतो.

‘दरवर्षी’ तर मुळीच नको. खोडवा मोडून नवी लागण करताना एकदा पुरे. पण त्यानंतर ओल्या रानात भरलेल्या डबल ट्रॉल्या घातल्या, तर रिपरचे पैसे पहिल्याच तोडीला गेले.

हा मेसेज मला पाठवणारे आमचे पाहुणे काल विचारत होते, ‘मग आमच्यात कधी फिरवू?’ म्हटलं, रविवारी येतो. टिकाव-खोरं काढून ठेवा, आधी खड्डा मारू.