फोल्ड लावा, आकडा फुगवा

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक होतं, या महिन्यात दोन झाली. आता हे वरिष्ठांना कसं सांगाल? 'साहेब, आणखी एक आलं' असं सांगणारी माणसं प्रामाणिक असतात आणि आहेत त्याच खुर्चीवरून निवृत्त होतात. तुम्ही तो मार्ग धरू नका. तुम्ही म्हणा, 'टूफोल्ड वाढ', म्हणजे दुप्पट. इंग्रजीने आकड्याच्या शेपटीला लावायला फोल्ड नावाचा हा प्रत्यय देऊन ठेवलाय, तो काय नुसता परीक्षेत गाळलेल्या जागा भरायला?

व्याकरण अगदी जुजबी आहे. आकडा अक्षरांत लिहिला तर प्रत्यय त्याला चिकटवायचा: टूफोल्ड, टेनफोल्ड, हंड्रेडफोल्ड. अंकांत लिहिला तर मध्ये छोटी आडवी रेघ: १०-फोल्ड. झालं शिक्षण. अर्थाचं म्हणाल, तर अर्थ आधी पाहून घेणाऱ्यांचे अहवाल फार रुक्ष होतात, असा अनुभव आहे.

या प्रत्ययाचा मोठा गुण म्हणजे तो 'किती पट' ते खणखणीत आवाजात सांगतो आणि 'कशाच्या पट' हे पोटात ठेवतो. त्याची ताकद पाहायची असेल तर १९९५ सालचं ब्रिटन पाहा. त्या ऑक्टोबरात तिथल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट होतो. दुप्पट! बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि कित्येक बायकांनी गोळ्याच बंद केल्या. मूळ धोका होता साधारण ७ हजारांत एकीला, तो झाला ७ हजारांत दोघींना. पण हे वाक्य मथळ्यात शोभत नाही, त्यामुळे ते खाली कुठेतरी राहिलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, ही त्यातली आणखी एक गंमत, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर.

लक्षात घ्या, 'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता. खोटं बोलायची गरज पडत नाही, हेच तर या प्रत्ययाचं वैभव. तेव्हा तुमच्या औषधाचा फायदा सांगताना नेहमी पटीत सांगा आणि दुष्परिणाम सांगताना 'हजारांत जेमतेम एखाद्याला' असं म्हणा. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिलीत तरी चालेल. वाचणारा सहसा दोन्हींना एकच माप लावत नाही.

आता थोडं अंकगणित, घाबरू नका. १०० चे ३०० झाले तर ती थ्रीफोल्ड वाढ, म्हणजे तिप्पट. टक्क्यांत हीच वाढ २०० टक्के होते, कारण मूळचे १०० वजा करावे लागतात. तुम्ही कशाला वजाबाकीच्या भानगडीत पडता? तिप्पट म्हणजे ३०० टक्के वाढ, असं बेधडक लिहून टाका. खरं तर ३०० टक्के वाढ म्हणजे चौपट, पण तुमच्या पदरात एक पट फुकट पडत असेल तर नाही कशाला म्हणा? शिवाय 'थ्रीफोल्डने वाढ' म्हटलं की मूळ एक अधिक तीन असे चार धरणारेही काही भाविक असतातच. त्यांची श्रद्धा मोडू नये.

अजिबात काहीच वाढलं नसेल, तर 'वनफोल्ड वाढ' म्हणा. एकपट म्हणजे होतं तेवढंच. पण 'वाढ' हा शब्द कानावर पडला की माना डोलतात. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांतली मंडळी यात तुमच्या चार पावलं पुढे आहेत. ती 'फोल्ड चेंज', म्हणजे किती पट बदल झाला ते, आधी काढतात आणि मग त्याचा २ हा पाया धरून लॉगरिदम घेतात, म्हणजे तो आकडा २ चा कितवा घात आहे ते पाहतात. तिथे १ म्हणजे दुप्पट, उणे १ म्हणजे निम्मं आणि शून्य म्हणजे जैसे थे. त्यांना त्याचा खरोखरच उपयोग असतो, कारण चढ आणि उतार सारख्याच अंतरावर दिसतात. तुम्हाला उपयोग एवढाच की आलेखाच्या अक्षावर 'लॉग' लिहिलेलं दिसलं की प्रश्नोत्तरांचा वेळ वाचतो.

घट दाखवायची असेल तर आणखी मजा. 'तक्रारी थ्रीफोल्ड कमी झाल्या' असं लिहा. ९० तक्रारींतून ९० ची तिप्पट वजा केली तर उणे १८० उरतात, म्हणजे लोक येऊन तक्रारी परत घ्यायला लागले आणि जाताना १८० शाबासक्या देऊन गेले. वाचणारा बिचारा सभ्य असतो. तो मनातल्या मनात 'एक तृतीयांश म्हणायचं असेल' अशी दुरुस्ती करून पुढे जातो.

फोल्ड म्हणजे घडी, तेव्हा घडी आणि पट यांचा घोळही अधूनमधून घालत जा. कागदाची एक घडी घातली की जाडी दुप्पट, दुसरी घातली की चौपट. एक दशांश मिलिमीटर जाडीच्या कागदाला ४२ घड्या घालता आल्या, तर जाडी सुमारे ४ लाख ४० हजार किलोमीटर होईल, चंद्राच्याही पलीकडे. तोच कागद ४२-फोल्ड जाड केला तर होतात ४.२ मिलिमीटर. अमेरिकेतल्या ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने २००२ मध्ये एका लांबच लांब कागदाला १२ घड्या घालून दाखवल्या. थर झाले ४,०९६. तुम्ही सादरीकरणात चित्र घड्यांचं लावा आणि आकडा पटींचा द्या. चंद्र कुठे गेला, असं भर सभेत कोणी विचारत नाही.

याच प्रत्ययाला 'इतक्या भागांचा' असा दुसराही अर्थ आहे, तो वेळप्रसंगी कामी येतो. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गाला इंग्रजीत एटफोल्ड पाथ म्हणतात. तो आठपट लांब नाही, त्याला आठ अंगं आहेत. बुद्धिबळातली थ्रीफोल्ड पुनरावृत्ती म्हणजे तीच स्थिती तिसऱ्यांदा येणं. त्यावर बरोबरी मागता येते, तिप्पट गुण नव्हेत. संगणकाला माहितीवरून शिकवणारे मशीन लर्निंगवाले '१०-फोल्ड' पडताळणी करतात, म्हणजे माहितीचे दहा भाग पाडून दर वेळी नऊंवर शिकवायचं आणि उरलेल्या एकावर परीक्षा घ्यायची. तुम्ही ती केलीत आणि वरिष्ठांना वाटलं की अचूकता दहापट झाली, तर त्यांच्या आनंदावर विरजण घालू नका.

एवढं करूनही एखादा खडूस निघतोच, जो विचारतो, 'मुळात होते किती?' अशांसाठी मेनिफोल्ड राखून ठेवा. यात आकडाच नसतो, नुसतं 'पुष्कळ', त्यामुळे तपासायलाही काही नसतं. नफा मेनिफोल्ड, प्रतिसाद मेनिफोल्ड, समाधान मेनिफोल्ड. गणितात मेनिफोल्ड नावाची एक भारदस्त संकल्पना आहे, तिच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही. मोटारीच्या इंजिनातही एक मेनिफोल्ड असतो. सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून तो एकाच नळीने बाहेर सोडतो.