कोल्ह्यापासून वाघापर्यंत एकच गोळी? काहून बाप्पा!

धान निसवला की आमच्या गावच्या ग्रुपवर जागलीच्या गप्पा सुरू होतात अन् त्यासोबत तो मेसेजही फिरतोच. "गोळी हलकी अन् फास्ट पाहिजे, मग कोल्हा असो, बिबट असो की वाघ, एकच पुरते. मिलिटरीची भेटली तर बेस्ट. अन् आपल्याच वावरात मारलं तर केस होत नाही." आमच्या आबाजीकडं पीक संरक्षणाच्या लायसनवर थ्री-फिफ्टीन रायफल होती, त्यामुळं गोळ्यांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या, म्हणून लिहितो.

पहिलं, हलकी अन् फास्ट. हे अमेरिकेतल्या व्हिडिओवरून उचललेलं दिसते. तिकडं कोयोट मारतात, आपल्या कोल्ह्याहून जरासा मोठा, दहा-पंधरा किलोचा. त्याला टू-ट्वेंटी-थ्री रायफलची 55 ग्रेनची गोळी, म्हणजे साडेतीन ग्रॅम, अन् वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास. तिचं तांब्याचं कवच मुद्दाम पातळ ठेवलेलं असते, अंगात शिरली की दोन-चार इंचात चुरा, तेवढ्या जनावराला तेवढंच पुरते. आता हीच गोळी दोनशे किलोच्या वाघाच्या खांद्यावर लागली तर मांसात अन् हाडावरच फुटून जाईल, फुफ्फुसापर्यंत पोचायची गॅरंटी नाही. मोठ्या जनावराला जड गोळी लागते, जाड कवचाची, फुलणारी (म्हणजे अंगात शिरल्यावर पुढून पसरणारी) पण तुकडे न होणारी. आफ्रिकेत सिंहासाठी थ्री-सेव्हंटी-फाइव्ह रायफल वापरतात, ती 1912 पासूनची, गोळी 300 ग्रेनची म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम. वेग टू-ट्वेंटी-थ्रीपेक्षा बराच कमी अन् तरी ताकद तिप्पट, कारण वजन. एकीनं फुटायचं अन् दुसरीनं फुटायचं नाही, मग दोन्ही कामं एकाच गोळीत कशी बसतील राजेहो?

मिलिटरीची गोळी बेस्ट, हे तर उलटंच. फुलणारी गोळी इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या डमडमला बनवली, ती फार क्रूर म्हणून 1899 मध्ये हेगच्या परिषदेत युद्धात तिच्या वापरावर बंदी आली, म्हणून फौजा पूर्ण कवचाची वापरतात. शिकारीला चांगली म्हणून नाही! ती फुलत नाही, बारीक भोक पाडून पलीकडं निघते, जनावर जखमी होऊन पळते अन् गोळी जाते धुऱ्यापलीकडं, जिथं कोणी निंदण करत असेल. अमेरिकेतल्याच कित्येक राज्यांत मोठ्या शिकारीला ती चालत नाही.

अन् जखमी वाघ म्हणजे काय ते माहीत आहे ना? कुमाऊंतल्या चंपावतची नरभक्षक वाघीण शिकारी जिम कॉर्बेटनं 1907 मध्ये मारली, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले निघाले. कोणाची तरी जुनी गोळी. शिकार जमेना म्हणून ती माणसांकडं वळली, असं कॉर्बेटचं म्हणणं.

राहिली केस. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सूट आहे ती जीव वाचवण्यापुरती, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा. वावर आपलं आहे म्हणून नाही, बकरी नेली म्हणून पण नाही. अन् तुम्हीच बंदूक घेऊन त्याची वाट बघत बसले असाल तर ती सूटही गेली. वाघ-बिबट मारल्याची सजा तीन ते सात वर्षं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं अन् मेसेजवाल्याला विचारलं, तुझ्याजवळ कोणती रायफल आहे भाऊ? तर म्हणे, छर्ऱ्याची.