पाना कोणीही फिरवा, ऑईल-फिल्टर स्वतः आणा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून मायक्रॉनच्या हिशोबात जॉब पास-नापास करणारी कितीतरी माणसं आपल्या नाशकात आहेत. मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव पडलंय, तिथे तर डिझेल इंजेक्टरचे नोझल बनतात. आणि हीच मंडळी स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला सोडताना म्हणतात, "बघून घ्या दादा, काय लागेल ते टाका." मला तर हसावं की रडावं तेच कळत नाही.

मी माझ्या जुन्या स्विफ्टचं ऑईल घरीच बदलतो, म्हणून लोक हमखास विचारतात, पैसे किती वाचतात? वाचतात थोडे. फ्लशिंग, अमुक ट्रीटमेंट, तमुक कोटिंग अशा न सांगता बिलात शिरणाऱ्या ओळी वाचतात. पण नुसत्या पैशासाठी कोणी गाडीखाली शिरू नये. इंजिनात नेमकं काय गेलं, कुठल्या डब्यातून गेलं, हे मला माहीत असतं. माझ्यासाठी तेवढं पुरे. पान्याचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. डोकं लागतं ते खरेदीला.

आपल्या द्वारका चौकाकडे स्पेअरच्या दुकानात गेलात की पहिला सल्ला फुकट मिळतो : "शेठ, आपल्याकडे ऊन केवढं, जाडच टाका, ट्वेंटी-फोर्टी." ऐकायला पटतं, पण हिशोब चुकीचा आहे. डब्यावर ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० असा तेलाचा ग्रेड लिहिलेला असतो, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनात तेल किती पटकन पळेल ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंशाला ते किती जाड राहील ते. बाहेर मे महिन्याचे ४० असोत नाहीतर डिसेंबरच्या सकाळचे १०, चालत्या इंजिनातलं तेल शंभरीच्या आसपासच तापतं. म्हणजे नाशिकच्या उन्हाचा हिशोब त्या आकड्यात केव्हाच झालेला असतो. उलट आजकालच्या इंजिनात तेलाच्या वाटा बारीक, बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे झडपा कधी उघडायच्या-मिटायच्या तेसुद्धा, तेलाच्या दाबावर चालतं. तिथे सकाळी गार इंजिनाला जाड तेल उशिरा पोचतं, आणि झीज जास्त होते ती त्याच वेळी. गाडीसोबत आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात पडलेलं असतं. त्यात ग्रेडही आहे आणि किती लिटर तेही. ते उघडा, दुकानदाराशी वाद घालू नका.

दुसरा प्रश्न डुप्लिकेटचा. ओळखीच्या ब्रँडचा डबा, आत गाळलेलं जुनं तेल, हा धंदा जुना आहे. मी डीलरच्या काउंटरवरून नाहीतर कंपनीच्या अधिकृत वितरकाकडूनच घेतो, पक्कं बिल घेतो. सील, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि क्यूआर कोड असेल तर तोही दुकानातच बघतो. फिल्टर शे-सव्वाशेचा, त्यात वीस रुपये वाचवायला लोकलच्या नादी लागणं म्हणजे कमाल आहे. चांगल्या फिल्टरमध्ये गाडी बंद असताना तेल खाली उतरू न देणारी रबराची झडप असते. ती बोगस निघाली तर रोज सकाळी इंजिन काही क्षण कोरडं फिरतं. सोबत ड्रेन नटाचा, म्हणजे खालून जुनं तेल काढायच्या नटाचा, नवीन वायसर घ्या, तो दहा-वीस रुपयांत येतो. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला अख्खा देऊ नका. सुरीने फाडून द्या. डुप्लिकेटवाल्यांना तोच हवा असतो.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडंच सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा-दगडांचे टेकू तर नाहीच नाही. गाडी पेलणारे जॅक-स्टँड विकत घ्या. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिलीय का ते बोट फिरवून बघा. तिच्यावरच नवा फिल्टर बसला की गाडी सुरू केल्यावर तेलाची धार लागते. नव्या रिंगला थोडं तेल चोळायचं आणि फिल्टर हातानेच आवळायचा. ड्रेन नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कइतकाच, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळायचा, कारण अंगातली सगळी ताकद लावली तर आटे जातात. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका, कंपनीतच न्या.

आता जळक्या तेलाचं. इथे मात्र माझं मत कडक आहे : ते कुठे द्यायचं हे ठरलं नसेल तर घरी ऑईल बदलूच नका. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. आपल्याकडे ते सेंटरिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवीसाठी खांबांना फासतात, उरलेलं गटारीत. सिडकोतलं, अंबडचं पाणी नासर्डीला जातं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. सिंहस्थ आला की गोदामाईच्या प्रदूषणावर तावातावाने बोलणारे आपण, पार्किंगच्या जाळीत तीन लिटर काळं तेल ओततो. मी ते नव्या तेलाच्याच डब्यात भरून ठेवतो आणि जळकं ऑईल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या वर्कशॉपला देतो. डबा तिथेच रिकामा करून मग फाडायचा.

सोसायटीत जागा नाही, चेअरमन ओरडतात, गुडघे कुरकुरतात, सगळं मान्य. मग ऑईल, फिल्टर, वायसर आणा आणि ओळखीच्या मेकॅनिककडे जा. डब्याचं सील तुमच्यासमोर फोडू द्या आणि काम होईपर्यंत मोबाईल खिशात ठेवून तिथेच उभे राहा. फक्त एक करा. तेलातला त्याचा नफा तुम्ही आधीच काढून घेतलाय, तेव्हा मजुरीसाठी घासाघीस करू नका. तो मागेल त्यावर पन्नास जास्त द्या.