टीम साहेब

नोकरी बदलायची ठरली की माणूस आधी आजारी पडतो. मी साहेबांना सांगितलं, अक्कलदाढ काढायची आहे. इंटरव्ह्यू हिंजवडी फेज 3 ला, सकाळी दहाला. कोथरूडहून आठलाच निघालो, तरी भुमकर चौकात पाऊण तास एकाच टेम्पोच्या पाठी उभा. टेम्पोवर लिहिलं होतं, 'पुन्हा भेटू'. बाबा रे, आधी सुटू तर दे!

गेटवर सिक्युरिटीचे काका रजिस्टर घेऊन बसलेले, पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं. लॅपटॉप उलटा करून त्यावरचा तिळाएवढा सिरीयल नंबर त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून एकेक अक्षर वाचत उतरवला. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावला.

"कोणाला भेटायचंय?"

"एचआरला."

"नाव सांगा."

ईमेलखाली नाव नव्हतंच, 'टीम एचआर' एवढंच होतं. काकांनी गेटपासवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'टीम साहेब'.

आत सोफ्यावर सहाजण बसले होते. त्यातला एक आमच्याच ऑफिसातला, माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा. त्याची म्हणे गावाला शेताची मोजणी होती. माझी दाढ आणि त्याचं शेत पावणेदोन तास एकाच सोफ्यावर, एकमेकांना ओळख न देता बसून राहिले. समोरच्या टीव्हीवर त्या कंपनीतली माणसं पुन:पुन्हा हसत होती.

अखेर बोलावणं आलं. समोर लॅपटॉपमागे एक मुलगा. त्याचं नाव त्यानं सांगितलं नाही, माझं त्याला वाचता आलं नाही. पहिलाच प्रश्न: "हॅशमॅप आतून कसा चालतो?"

आठ वर्षं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करतोय. हॅशमॅप म्हणजे तिच्यातली माहिती ठेवायची पेटी. त्यात वस्तू टाकायची आणि लागेल तेव्हा काढायची, एवढाच आमचा संबंध. फ्रिज आतून कसा चालतो हे मी आईला कधी विचारलेलं नाही. पण रात्रभर घोकलं होतं, म्हणून चाळीचं उदाहरण देऊन सांगितलं. सुरुवातीला 16 खोल्या. कोण कुठल्या खोलीत जाणार ते हॅशकोड, म्हणजे प्रत्येकाच्या नावावरून काढलेला आकडा, ठरवतो. एकाच खोलीत दोघं आले तर रांगेनं राहायचं. भरण्याची मर्यादा 0.75, म्हणजे सोळाच्या पाऊणपट, 12 च्या वर तेरावा बिऱ्हाडकरू आला की मालक 32 खोल्यांची नवी चाळ बांधून सगळ्यांना तिकडे हलवतो. मला वाटलं, पोरगं खूश होईल. त्यानं विचारलं, "चाळ म्हणजे?"

दुसऱ्या खोलीत एक बाई होत्या. "हॅशमॅप आतून कसा चालतो?" पुन्हा चाळ बांधली. या वेळी जावा 8 मधली, म्हणजे एका खोलीत फार गर्दी झाली की रांगेऐवजी झाडासारखी फांद्याफांद्यांची मांडणी करतात, तीही सुधारणा जोडली. बाईंनी मान डोलावली आणि फोनवर कोणाला तरी जेवणात काय आहे ते विचारलं.

तिसरे मॅनेजर व्हिडिओ कॉलवर, चालत्या गाडीत. अर्धा चेहरा, अर्धा सीटबेल्ट. मी चाळीचा पाया खणायला घेणार, तेवढ्यात म्हणाले, "कोबोल येतं ना?"

कोबोल 1959 सालची भाषा. माझ्या वडिलांची मुंज व्हायच्या आधीची!

"सर, मी जावासाठी आलोय."

"जावाची पोझिशन होल्डवर आहे. कोबोल सपोर्ट आहे, नाईट शिफ्ट. नोटीस पिरियड किती?"

"नव्वद दिवस."

"अरे बाप रे," म्हणाले, आणि गाडी बोगद्यात शिरली. ते काही परत आले नाहीत. दहा मिनिटांनी एका मुलीनं दार उघडून "वुई विल गेट बॅक टू यू" सांगितलं आणि एसी बंद केला.

साडेचारला गेटवर आलो. सकाळपासून एक वडापाव. काकांनी पास उलटापालटा करून पाहिला.

"यावर टीम साहेबांची सही कुठाय?"

"काका, असे कोणी साहेब नाहीत."

"मग भेटलात कोणाला?"

आता याला काय उत्तर देणार? तिघांपैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. काकांनी वर फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. एचआर घरी गेलेलं. सहीशिवाय लॅपटॉप बाहेर जाणार नाही म्हणाले. मागे रांगेत शेताची मोजणी उभी होती, तिच्याही पासवर टीम साहेबच.

शेवटी काकांनाच दया आली. "करा तुम्हीच कायतरी. मी तिकडं बघतो."

सुतळीचं पेन ओढून मी टीम साहेबांची झोकदार सही केली. दोन्ही पासांवर. सहीखाली 'पदनाम' अशी रिकामी रेघ होती. तिथे लिहिलं, 'मॅनेजर'.