खुलासा : नागरिकत्वाची मुदत २०२४ पर्यंत वाढलेली नाही

'आता ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सगळ्यांना नागरिकत्व मिळणार' हा मेसेज नागपूरच्या जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने सूट दिली, हे खरं. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून छळाला भिऊन आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कागदपत्रांशिवाय आले असतील किंवा कागदांची मुदत संपली असेल, तर त्यांच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली कारवाई होणार नाही. बस, एवढंच. राहू देणं वेगळं, नागरिक करून घेणं वेगळं. नागरिकत्व देणाऱ्या सीएएची (नागरिकत्व सुधारणा कायद्याची) तारीख ३१ डिसेंबर २०१४ होती, तीच आहे.

खरी अडचण पुराव्यात येते. अर्जाला दोन वेगळे कागद लागतात: एक मूळ देशाचा (पासपोर्ट, शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, मुदत संपलेला असला तरी चालतो) आणि दुसरा, २०१४ संपण्याआधी भारतात आल्याचा. इथेच लोक चुकतात. २०१६ चं आधार कार्ड जोडतात. त्यातून तुम्ही २०१४ पूर्वी आलात हे कसं सिद्ध होणार? पासपोर्टवरचा इमिग्रेशनचा शिक्का किंवा त्या काळातलं वीजबिल शोधा. शिक्क्यावरची तारीख पुसट असेल तर दुसरा कागदही जोडाच.

२०१४ नंतर वैध व्हिसावर आलेल्यांनी दीर्घ मुदतीचा व्हिसा वेळेत वाढवून घ्यावा. नागरिकत्वाच्या नेहमीच्या मार्गात सीएएसारखी ५ वर्षं नव्हे, मागच्या १४ वर्षांतली ११ वर्षं आणि लगतचे सलग १२ महिने वास्तव्य लागतं. 'नव्या तारखेत बसवून देतो' म्हणणाऱ्या एजंटला कृपा करून एक रुपयाही देऊ नका.