कॉन्फरन्स बदलताय? आधी नकाशा गुंडाळून ठेवा

समजा, अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाचं अध्यक्षपद तुमच्या गळ्यात पडलं आहे. फुटबॉलची टीम बरी आहे, स्टेडियम मोठं आहे आणि टीव्हीचे पैसे मात्र दुसऱ्या कॉन्फरन्सवाल्यांना जास्त मिळतात (कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत सामने खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा गट). मग उगाच कुढू नका, तुम्हीही तिकडे जा.

पहिलं काम म्हणजे भिंतीवरचा नकाशा उतरवा. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी) २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, पार पॅसिफिकच्या अंगणातली. अंकगणितही विसरा. बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये आज १८ विद्यापीठं आहेत, बिग १२ मध्ये १६. २०११ ते २०१४ या काळात तर बिग टेनमध्ये १२ होती आणि बिग १२ मध्ये १०. पाट्यांची अदलाबदल तेवढी राहून गेली.

बोलणी फोनवरच करा. सरकारी विद्यापीठाच्या ईमेल माहितीच्या कायद्याखाली पत्रकार हमखास मागवतात. बातमी फुटेपर्यंत ‘आहोत तिथे समाधानी आहोत’ एवढंच म्हणायचं (मराठी वाचकाला हे शिकवायला नको). निघताना रेंगाळू नका. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्समधून पाच विद्यापीठं उठली.

आता वकील गाठा. सोडून जाण्याचा दंड असतोच, पण खरी मेख ‘ग्रँट ऑफ राइट्स’मध्ये आहे. त्यावर सही केलीत की तुमच्या घरच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क मुदत संपेपर्यंत कॉन्फरन्सचे. तुम्ही गेलात तरी हक्क मागेच राहतात, आणि रिकाम्या हाताने आलेल्याला नवं घर कशाला विचारेल? एसीसीत ही मुदत २०३६ पर्यंत लिहिलेली होती. फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाची पायरी चढली ती ह्याच गाठीपायी. बाकी घासाघीस चालते. टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग १२ मधून वर्षभर आधी सुटले, दोघांचे मिळून १० कोटी डॉलर देऊन. मेरीलँडकडे एसीसीने ५ कोटींच्या वर मागितले होते, मिटलं ३.१ कोटींच्या आसपास.

नव्या घरी पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा मिळेल ही आशा नको. डॅलसच्या एसएमयू या विद्यापीठाने नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मागणार नाही असं कबूल करून एसीसीचा उंबरा ओलांडला. आपल्याकडे याला हुंडा म्हणतात. पोटगीचीही सोय आहे. लॉस एंजेलिसचं यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखा, म्हणून यूसीएलए बिग टेनला गेल्यावर बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, असं नियामक मंडळाने ठरवलं. तिकडे याचं नाव ‘कॅलिमनी’, म्हणजे कॅलिफोर्नियाची ‘अ‍ॅलिमनी’ (पोटगी).

खेळाडूंची काळजी करू नका. म्हणजे फुटबॉलवाल्यांची. त्यांचे मोसमात बारा सामने, बहुतेक शनिवारी, चार्टर विमानाने. टीव्हीला पश्चिमेचे संघ हवेत तेही त्यांच्यासाठीच, कारण न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्री साडेदहाला सामना सुरू करायचा तर तिकडेच मैदान लागतं. मात्र त्याच करारात वॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलीही बांधल्या जातात. लॉस एंजेलिसहून बिग टेनमधल्याच न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाला सुमारे ३,९०० किलोमीटर, घड्याळ तीन तास पुढे. दुपारी बाराचा सामना म्हणजे शरीराच्या हिशेबाने सकाळचे नऊ. त्याआधी चार तास पोटात काही हवं, म्हणून शरीराच्या पहाटे पाचला समोर पास्ता. रविवारी रात्री नऊचं विमान मिळालं तर सहा तासांनी घरी, तिथे तेव्हा बारा वाजलेले. बर्फाने सूज उतरवायची, ओला किट वाळत टाकायचा आणि सकाळी आठला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. माहितीपत्रकात मात्र ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द ठळक छापा, आधी विद्यार्थी.

जुनी वैरं मोडतील, मोडू द्या. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम २०११ नंतर थेट २०२४ मध्ये भिडले. तेरा वर्षांत एक पिढी पदवी घेऊन गेली.

आणि मागे उरलेल्यांची दया करू नका. पॅक-१२ मध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच राहिली. सामने मिळावेत म्हणून त्यांनी माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्सशी करार केला. त्यात अट होती की तुमच्याकडे आमचा सदस्य आला तर पहिल्यासाठी १ कोटी डॉलर भरायचे, पुढच्या प्रत्येकासाठी त्याहून जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅक-१२ ने तिथले पाच सदस्य फोडले आणि त्याच महिन्यात, ही अट बेकायदा आहे म्हणून, कोर्टात दावा ठोकला.