'उंच मुलांना ड्रिबल करू देऊ नका' हे सूत्र कोणाचे?

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने एक लांबलचक संदेश मला पुढे पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, "दादा, हे खरं आहे का? सरांनी पालकांच्या ग्रुपवर टाकलंय." 'बास्केटबॉलचा संघ जिंकवणारी पाच सूत्रे' असे त्या संदेशाचे शीर्षक आहे आणि लिहिणाऱ्याचे नाव कुठेही नाही. याआधी तो दोन ठिकाणांहून माझ्याकडे आला होता, तेव्हा मी तो न वाचताच पुसून टाकला होता. या वेळी तसे करता आले नाही. माझी बारा वर्षांची भाची दोन वर्षे हौसेने चेंडू आपटत कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. ती वर्गात सर्वांत उंच आहे, एवढ्याच कारणावरून आता तिला रिंगखाली उभे करण्यात आले आहे आणि ड्रिबल करायला, म्हणजे चेंडू आपटत पुढे न्यायला, मनाई झाली आहे. तिची जी मैत्रीण सर्वांत बुटकी आहे, तिचे नाव संघाच्या यादीतूनच गेले.

ती पाच सूत्रे थोडक्यात अशी आहेत. रिंग दहा फुटांवर असल्यामुळे ज्या संघाची सरासरी उंची जास्त, तोच संघ जिंकतो. खेळाडूचे स्थान लहानपणीच उंचीवरून ठरवावे: उंच मुलांना रिंगखाली ठेवावे आणि ड्रिबल करू देऊ नये, बुटक्यांना बाहेर ठेवावे. रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू पकडणे, हा निव्वळ इंचांचा हिशेब. बुटका खेळाडू म्हणजे बचावातले भगदाड. आणि शेवटचे, बास्केटबॉल खेळल्याने सहा महिन्यांत उंची वाढते, तेव्हा बुटक्या मुलांनी आधी उंची वाढवावी आणि मग संघात यावे.

शेवटच्या सूत्राचा निकाल आधी लावतो, कारण त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. खेळल्याने उंची वाढते असे म्हणायचे आणि उंची वाढेपर्यंत मुलाला संघाबाहेर ठेवायचे, तर त्या बिचाऱ्याने खेळायचे तरी कुठे? लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांमुळे उंची वाढते, ती मुख्यतः आनुवंशिकतेवर आणि लहानपणच्या पोषणावर अवलंबून असते, आणि त्या पट्ट्या एकदा सांधल्या गेल्या की बारला कितीही लोंबकळले तरी हाड लांबत नाही. बास्केटबॉलपटू उंच दिसतात, कारण उंच माणसांची या खेळात निवड होते. संदेशकर्त्याने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे.

पहिल्या सूत्रात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावेच लागेल. रिंग ३.०५ मीटरवर असते, उंच माणूस तिच्याजवळ असतो, आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधील खेळाडूंची सरासरी उंची सहा फूट सहा इंचांच्या आसपास आहे, हे काही योगायोगाने घडलेले नाही. उंचीचा फायदा इतका उघड होता की तो आवरण्यासाठी नियम बदलावे लागले. सहा फूट दहा इंचांच्या जॉर्ज मायकन आणि सात फुटी बॉब कर्लंड यांच्यासारखे खेळाडू रिंगकडे उतरत असलेला चेंडू वरच्या वर अडवू लागल्यावर अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलने १९४४ मध्ये त्या गोलटेंडिंगवर बंदी घातली. एनबीएने रिंगपुढचा पट्टा, जिथे हल्ला करणाऱ्या खेळाडूला फार वेळ थांबता येत नाही, १९५१ मध्ये सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला आणि १९६४ मध्ये सोळा फूट. पण याच इतिहासाची दुसरी बाजू संदेशकर्त्याला दिसलेली नाही. नुसत्या उंचीवर सामने जिंकले जाऊ नयेत म्हणूनच हा खेळ पुन्हा पुन्हा घडवला गेला, आणि ते नियम आजही लागू आहेत.

सरासरी उंचीवर सामने ठरत असते तर एनबीएतल्या विल्ट चेंबरलेनने आपला प्रतिस्पर्धी बिल रसेल याला आयुष्यभर रिकाम्या हाताने परत पाठवले असते. चेंबरलेन सात फूट एक इंच, रसेल त्याच्यापेक्षा सुमारे तीन इंचांनी कमी. रसेलची विजेतेपदे अकरा, चेंबरलेनची दोन. रसेलही काही बुटका नव्हता, हे मला ठाऊक आहे, आणि दोघांच्या सहकाऱ्यांमध्येही फरक होता; परंतु सहकाऱ्यांचा फरक निर्णायक ठरतो असे म्हटले की पहिले सूत्र तिथेच कोसळते. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्स या संघाचे घ्या. २०२२-२३ च्या हंगामात त्यांनी ८२ पैकी २२ सामने जिंकले. पुढच्या हंगामात सात फूट चार इंचांचा व्हिक्टर वेम्बान्यामा संघात आला, त्याने साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक ब्लॉक केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी फेकलेले चेंडू अडवले, सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला, आणि संघाने सामने जिंकले पुन्हा बरोबर २२. त्या हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षकांनी सहा फूट आठ इंचांच्या जेरेमी सोहानला, म्हणजे मुळात पुढे खेळणाऱ्या फॉरवर्डला, चेंडू आणून डाव मांडणारा पॉइंट गार्ड म्हणून खेळवून पाहिले होते. कागदावर इतका उंच संघ क्वचितच उतरला असेल, आणि त्याच संघाने ओळीने अठरा सामने गमावले. पुढे सहा फूट एक इंचाच्या ट्रे जोन्सकडे चेंडू सोपवण्यात आला, तेव्हा कुठे खेळाला घडी बसू लागली.

आता दुसऱ्या सूत्राकडे येतो. ते चुकीचे तर आहेच, शिवाय घातक आहे, आणि माझ्या संतापाचे खरे कारण तेच आहे.

पहिली गोष्ट अशी की खेळाच्या नियमांत पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड आणि सेंटर ही स्थाने मुळात नाहीतच. कोर्टावर पाच खेळाडू असावेत, एवढेच नियम सांगतात. एक ते पाच या आकड्यांनी आपण जे ओळखतो ती कामांची नावे आहेत: चेंडू पुढे आणून डाव मांडणे, लांबून नेम साधणे, कापत आत शिरणे, स्क्रीन लावणे (सहकाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून उभे राहणे), रिंगचे रक्षण करणे. ही पाच कामे संघात कोणीतरी केली पाहिजेत, हे निर्विवाद आहे. कोणते काम कोणत्या उंचीने करावे, हे मात्र प्रत्येक पिढी नव्याने ठरवत आली आहे. १९८० च्या एनबीए अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीमुळे सहावा सामना खेळू शकला नाही, तेव्हा लेकर्सचा वीस वर्षांचा पॉइंट गार्ड मॅजिक जॉन्सन सेंटरच्या जागी उभा राहिला आणि त्याने ४२ गुण, १५ रिबाउंड आणि ७ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) करून विजेतेपद मिळवून दिले. त्याची उंची सहा फूट नऊ इंच. बाराव्या वर्षी त्याला कोणी 'तू उंच आहेस, चेंडू आपटू नकोस' असे बजावले असते आणि त्याने ते ऐकले असते, तर त्या रात्री लेकर्सकडे पाठवायला कोण होते?

आजचा नमुना तर डोळ्यांसमोरच आहे. सहा फूट अकरा इंचांचा निकोला योकिच हा सेंटर आहे, पण त्याच्या डेन्व्हर संघाचा सारा डाव त्याच्या पासवर उभा असतो, आणि २०२३ चे विजेतेपद संघाने त्याच रीतीने मिळवले. उंच खेळाडूला चेंडू हाताळू न देण्याचा सल्ला आजच्या खेळात म्हणजे त्याला निम्मा खेळ न शिकवण्याचा सल्ला आहे.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर हा सल्ला अंधारात तीर मारण्यासारखा आहे. मुलींची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. शिवाय एकाच वयाच्या दोन मुलींमध्ये हा काळ दीड-दोन वर्षांनी सहज पुढेमागे होतो. म्हणजे वर्गात आज सर्वांत उंच असलेली मुलगी पुष्कळदा केवळ लवकर वाढलेली असते. तीन वर्षांनी बाकीच्या तिच्या बरोबरीला येतात, काही पुढे जातात, आणि तिला मात्र रिंगकडे पाठ करून उभे राहण्याखेरीज काहीच शिकवलेले नसते. तेव्हा ती सेंटरसाठी बुटकी ठरते आणि गार्डसाठी अनाडी. अशा मुली मी खेळत होतो त्या काळातही पाहिल्या आहेत. सोळाव्या-सतराव्या वर्षी त्या निमूटपणे खेळ सोडून देतात आणि 'हिच्यात दम नव्हता' असे म्हणून लोक मोकळे होतात.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. एनबीएतला अँथनी डेव्हिस शाळेत सुरुवातीला सहा फुटांच्या आसपासचा गार्ड होता; शाळा संपेपर्यंत तो सहा फूट दहा इंचांपर्यंत पोहोचला, पण चेंडू हाताळण्याची सवय गार्डचीच राहिली, आणि त्याच्या मोलाचे एक मोठे कारण ते मिश्रण आहे. एनबीएतलाच स्कॉटी पिपेन महाविद्यालयात गेला तेव्हा सहा फूट एक इंचाचा होता आणि तिथे सहा-सात इंचांनी वाढला. डेनिस रॉडमन शाळेतून बाहेर पडला तेव्हा सहा फुटांच्याही आत होता. संदेशातले सूत्र लावायचे म्हटले तर हे तिघेही यादीतून वगळले गेले असते किंवा कायमचे बाहेरच्या रेषेवर उभे राहिले असते.

रॉडमनचे नाव निघालेच आहे, तर तिसरे सूत्र इथेच संपवतो. सहा फूट सात इंचांच्या या माणसाने १९९१-९२ पासून ओळीने सात हंगाम एनबीएमध्ये सामन्यामागे सर्वाधिक रिबाउंड घेतले, आणि ते ज्या सेंटरांच्या डोक्यावरून घेतले ते त्याच्यापेक्षा तीन-चार-पाच इंचांनी उंच होते. फेकलेला चेंडू कोणत्या बाजूला पडेल याचा अंदाज घेणे, प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून धरणे आणि दुसरी, तिसरी उडी तितक्याच चपळाईने मारणे, हे रिबाउंडचे खरे भांडवल आहे. इंचच मोजायचे असतील तर डोक्याचे नव्हे, हात वर केल्यावर बोटे कुठे पोहोचतात त्याचे मोजावेत. ड्रेमंड ग्रीन सहा फूट सहा इंचांचा आहे, पण त्याच्या पसरलेल्या हातांची लांबी सात फुटांहून अधिक भरते. पत्रकात छापलेल्या उंचीवरही फार विसंबू नये. एनबीएमध्ये कित्येक वर्षे बूट धरून उंची सांगितली जाई, आणि २०१९ मध्ये अनवाणी मोजमाप सक्तीचे झाल्यावर बऱ्याच जणांचा एखादा इंच रातोरात गळून पडला.

चौथ्या सूत्रातला बचावाचा मुद्दा मी पूर्णपणे झटकून टाकणार नाही. समोरचा संघ बुटका बचावपटू हेरतो, स्क्रीन लावून त्याच्यासमोर आपला मोठा खेळाडू आणतो आणि तिथेच वारंवार घाव घालतो, हे खरे आहे. ह्यूस्टन रॉकेट्सने फेब्रुवारी २०२० मध्ये आपला सेंटर क्लिंट कपेला दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला त्या जागी खेळवले. त्या हंगामाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद टप्प्यात, दुसऱ्या फेरीत लेकर्सने त्यांना ४-१ ने हरवले. संदेशकर्त्याला हे उदाहरण माहीत असते तर त्याने ते आनंदाने वापरले असते. पण त्याच मालिकेत लेकर्सनेही आपल्या सात फुटी सेंटरला सुरुवातीच्या पाचांतून काढले आणि डेव्हिसला मध्ये ठेवून वेगवान संघ खेळवला, हेही त्याबरोबर सांगावे लागेल. २०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध गोल्डन स्टेट हा संघ २-१ ने मागे असताना चौथ्या सामन्यात त्यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटऐवजी सहा फूट सहा इंचांच्या आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवले. क्लीव्हलँडच्या सात फूट एक इंचाच्या मोझगोव्हने त्या दिवशी २८ गुण केले, तरीही गोल्डन स्टेट १०३-८२ ने जिंकले, आणि पुढची दोन्ही लढतीही. उंच माणसाला गुण मिळाले. सामना मात्र ज्यांनी कोर्ट मोकळे केले आणि चेंडू भरभर फिरवला त्यांना मिळाला.

या साऱ्यावर एकच संदर्भ द्यायचा तर मी डीन ऑलिव्हर या विश्लेषकाचा देईन. सामना कशाने जिंकला जातो याची त्याने चार घटकांत विभागणी केली आणि त्यांना अंदाजे वजनेही दिली: नेमबाजीची परिणामकारकता ४०, चेंडू न गमावणे २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. उंचीचा थेट हात पोहोचतो तो रिबाउंडवर आणि काही अंशी रिंगजवळच्या नेमबाजीवर. चेंडू न गमावण्याचे २५ मात्र जवळजवळ पूर्णपणे हाताळणी, नजर आणि पास यांचे आहेत, म्हणजे जे उंच मुलांना शिकवूच नका असे हा संदेश सांगतो त्याचे.

माझ्या भाचीच्या वगळलेल्या मैत्रिणीसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिलांनी उपांत्य सामन्यात आपल्याहून उंच फ्रान्सला ८७-७१ ने हरवले. त्या सामन्यात रुई माचिदाने १८ असिस्ट करून ऑलिंपिक विक्रम केला. तिची उंची १६२ सेंटिमीटर आहे. अंतिम सामन्यात जपान अमेरिकेकडून ९०-७५ ने हरले आणि सहा फूट नऊ इंचांच्या ब्रिटनी ग्रायनरने त्यांच्यावर ३० गुण केले, हे लपवण्याचे कारण नाही. तिच्यापुढे त्यांच्याकडे उत्तर नव्हते. रौप्यपदक मात्र त्या बुटक्या संघाच्याच गळ्यात होते, आणि फ्रान्सच्या गळ्यात कांस्य.

बहिणीला मी कळवले आहे की सरांशी एवढ्यात वाद घालू नये. पुढच्या सरावाला कडेला बसून, मुलीच्या हातात चेंडू एकूण किती मिनिटे असतो, तेवढे घड्याळ लावून मोजावे, आणि मैत्रिणीच्या आईलाही सोबत न्यावे. तो आकडा हाती आला की सरांना मी स्वतः भेटणार आहे.